समाधानांक एक्याण्णव

ऑफिसचं काम घरी आणू नका, असं बायका सांगत असतात. हणमंतराव फडतऱ्यांनी काम आणलं नाही. त्यांनी अख्खं ऑफिसच घरी आणलं.

साताऱ्यात गोडोलीला त्यांचं छोटं रो-हाऊस होतं. खाली स्वयंपाकघर आणि हॉल, वर दोन खोल्या आणि बाथरूम. २०३८ सालच्या दिवाळीनंतर या घरात दर रविवारी सकाळी अकरा वाजता मीटिंग भरू लागली. सभासद तीन. स्वतः हणमंतराव, त्यांची बायको सारिका, आणि कराडला फार्मसी शिकणारी, शनिवार-रविवार घरी येणारी मुलगी रेवा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जायचं, कायम व्हायचं, मग विषयपत्रिका.

"विषय क्रमांक दोन," हणमंतराव चष्मा सावरत म्हणायचे. "सारिकाच्या कामाचं समृद्धीकरण."

"म्हणजे काय हो?" सारिका मटार सोलत विचारायची.

"म्हणजे असं बघ. तू आतापर्यंत नुसता स्वयंपाक आणि धुणंभांडी करत होतीस. एकसुरी काम. एकसुरी कामाने माणूस कोमेजतो. तर आता लाइटबिल, गॅसचा नंबर, इन्शुरन्सवाल्याशी बोलणं, माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग, हे सगळं तुझ्याकडे."

"म्हणजे तिची कामं वाढली," रेवा म्हणाली.

"कामं वाढली नाहीत, बाळा. कामाचा आशय वाढला."

"आणि तुमचा आशय कुठं गेला?"

"रेवा, विषयाला धरून."

हणमंतराव एमआयडीसीतल्या सप्तधारा व्हॉल्व्ह्ज या कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होते. माणूस वाईट अजिबात नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. त्यांना एकच व्यसन होतं. संघटनेत माणसं कशी वागतात याचं जे शास्त्र असतं, त्याचा पत्रद्वारा कोर्स त्यांनी वयाच्या पन्नाशीत केला होता आणि तो त्यांना भलताच चढला होता. जेवताना भाजी कशी झालीय हे ते सरळ सांगत नसत. "वांग्याचा रंग उत्तम. मिठाच्या बाबतीत सुधारणेला वाव आहे. एकूण प्रयत्न स्तुत्य." आधी स्तुती, मध्ये टीका, परत स्तुती. सारिकाला दर जेवणाला आपण इंटरव्ह्यूला बसलोय असं वाटायचं.

शिवाय स्तुती रोज करायची नाही, असंही त्या शास्त्रात होतं. रोज मिळालेल्या शाबासकीची किंमत राहत नाही. कधी मिळेल त्याचा नेम नसला की माणूस जास्त झटतो. म्हणून हणमंतराव फोनवर आकडे टाकून चिठ्ठी काढायचे आणि निघेल त्याच दिवशी आमटीला चांगलं म्हणायचे. एकदा आमटी करपली त्या दिवशी नेमकी चिठ्ठी निघाली. हणमंतरावांनी शब्द पाळला. "आज आमटी फारच फक्कड!" सारिकाने एकदा आमटीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि उठून पातेलं घासायला घेतलं.

हे सगळं चालण्यासारखं होतं. साताऱ्यात याहून विचित्र नवरे नांदतायत. पण त्याच दिवाळीला घरात मनपट्टी आली.

मनपट्टी दिसायला साध्या घड्याळाच्या पट्ट्यासारखी. मनगटावर बांधायची. माणूस बोलतो तेव्हा गळ्यातले बारीक स्नायू स्वरयंत्र ताणून धरतात. मनात ताण आला की हे स्नायू किंचित आखडतात आणि आवाजाला बारीक कंप येतो, सेकंदाला आठ-दहा वेळा. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, पट्टीतल्या मायक्रोफोनला येतो. त्याच वेळी कातडीला घाम किती सुटतोय ते पट्टी मोजते, आणि नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त कसं होतंय तेही मोजते. हे तीन धागे एकत्र वळायचे आणि लाखो माणसांच्या नोंदींशी ताडून बघायचे. मग शून्य ते शंभरमधला एक आकडा निघतो. त्याला म्हणायचं समाधानांक.

कारखान्यात पट्टी जूनमध्येच आली होती. कोण खूश, कोण नाराज, कोण युनियनकडे जायच्या बेतात, सगळं हणमंतरावांच्या फोनवर दिसायचं. हजेरीही पट्टीवरूनच लागायची. कोणाचा आकडा साठच्या खाली गेला की फोन थरथरायचा. 'हस्तक्षेप सुचवला आहे.' मग हणमंतराव त्याला केबिनमध्ये बोलावून चाळीस मिनिटं ऐकून घ्यायचे. तीन महिन्यांत दांड्या निम्म्या झाल्या. पट्टीवाल्या कंपनीने खूश होऊन अधिकाऱ्यांना घरच्या माणसांसाठी पट्ट्या फुकट दिल्या. अशी ती घरी आली.

नोव्हेंबरात गीझर बिघडला.

"अहो, गीझर," सारिका मीटिंगमध्ये म्हणाली. आकडा होता पंचावन्न.

हणमंतरावांचा फोन थरथरला. त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. "मला तुझं ऐकायचंय," ते म्हणाले.

"गीझर दुरुस्त करा. ऐकायचं काय त्यात? कढईत तेल तापलंय माझं."

"हे बघ, गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही असल्या की माणसाला हुरूप येतो. मान, जबाबदारी, शाबासकी. आणि काही नुसत्या नसल्या की कुरकूर होते. पंखा, कँटीनच्या स्वच्छ ताटल्या, गीझर. त्या पुरवल्या तर कुरकूर थांबते, हुरूप काही येत नाही. आता मला सांग, गीझर दुरुस्त केला तर तू आनंदाने नाचशील का?"

"गरम पाण्याने आंघोळ करीन."

"बघ. म्हणजे प्रेरणा शून्य. आपण प्रेरणेवर काम करू."

पुढच्या रविवारी त्यांनी सारिकाला 'जलव्यवस्थापनातील विशेष योगदान' असं प्रमाणपत्र दिलं. रेवाने ते फ्रिजवर चिकटवलं आणि खाली पेनाने लिहिलं, 'गीझर सोडून सगळं मिळेल.' पाणी आता खाली गॅसवर तापायचं आणि बादल्यांनी वर जायचं. कोणी न्यायचं हा प्रश्न उद्भवला नाही, कारण कामांच्या वाटणीच्या तक्त्यात 'पाणी' सारिकाच्या रकान्यात होतं आणि तक्त्यात ढवळाढवळ केली की संघटना ढासळते.

डिसेंबरभर सारिकाचा आकडा पन्नास-साठात लोळत होता आणि दर दोन दिवसांनी तिचं चाळीस मिनिटं समोर बसून ऐकून घेतलं जात होतं. तेवढ्यात दूध उतू जायचं, भात लागायचा, त्याने आकडा आणखी खाली यायचा, आणि परत खुर्ची समोर यायची.

मग संक्रांत झाली आणि चमत्कार झाला. आकडा पंच्याहत्तर. मग चौऱ्याऐंशी. मग एक्याण्णव. हणमंतरावांनी आलेख काढला. वर वर जाणारी ती रेघ त्यांनी ऑफिसातल्या चौघांना दाखवली. गीझर न दुरुस्त करताही माणूस सुखी होतो, याचा पुरावा त्यांच्या हातात होता.

फेब्रुवारीत कारखान्याचा वर्धापनदिन आला. मांडव, खुर्च्या, मालक पुण्याहून आलेले. यंदा उत्कृष्ट कामगार मशीनने निवडला होता, त्यामुळे वशिल्याला जागा नव्हती. हणमंतरावांनी माइक घेतला.

"टोकन नंबर चारशे सतरा! तिमाहीचा सरासरी समाधानांक सत्त्याण्णव! कामातला उत्साह इतरांच्या दुप्पट! मशीनने यांना सुपरवायझर करण्याची शिफारस केली आहे. लालासाहेब घोरपडे, कृपया स्टेजवर या."

कोणी उठलं नाही. मागच्या रांगांतून खसखस पिकली. मालकांनी हार हातात धरून ठेवला होता.

"लालासो कुठं आहे?"

"तो मेव्हण्याचं घर बांधायला गेलाय साहेब, बत्तीस शिराळ्याला," मागून कोणीतरी सांगितलं. "दीड महिना झाला."

"मग पट्टी कोणाच्या हातात आहे?"

परत खसखस. शेवटी कँटीनवाल्या मावशींनी कॉम्प्रेसरच्या उबेला झोपलेली करड्या रंगाची मांजर उचलून आणली. तिच्या गळ्यात टोकन नंबर चारशे सतराची मनपट्टी होती. मांजराची नाडी माणसाच्या दुप्पट चालते, मशीनने त्याचा अर्थ उत्साह असा लावला होता. आणि गुरगुरण्यात ताण कुठून येणार? मालकांनी वेळ मारून न्यायला हार मांजराला घातला. तिने त्यातला शेवंतीचा तुरा खाल्ला आणि स्टेजवरच ओकली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. हणमंतरावांनी असेंब्लीतला जुना फिटर दस्तगीर मुल्ला याला केबिनमध्ये बोलावलं. वीस वर्षांची ओळख होती.

"दस्तगीर, माझी शोभा झाली रे सगळ्यांसमोर."

"साहेब, राग मानू नका. पण सगळ्या कारखान्यात खरं बोलली ती एकटी मांजर."

"म्हणजे?"

"आम्ही समदी दम सोडून बोलतो." दस्तगीरने करून दाखवलं. "आधी पोटात भरून दम घ्यायचा. जीभ टाळ्याला लावायची. आन् मग दम सोडत सोडत, खालच्या आवाजात, सावकाश बोलायचं. पट्टीला वाटतं मानूस लई निवांत हाय. सुरवातीला ध्यान ठेवावं लागतं. मग सवय पडती. आता तर आपोआप होतं बघा. परवा माझी सासू गेली. रडायला बसलो तर पहिला दमच पोटात गेला. रडूच येईना. बायको अजून बोलत नाही माझ्याशी."

"कोणी काढलं हे?"

"पेंट शॉपच्या बायकांनी. तुमी ऐकून घ्यायला बसवता ना चाळीस-चाळीस मिनिटं, ते चुकवायला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर वाण म्हणून हेच वाटलं म्हणा ना."

हणमंतरावांनी सगळं लिहून घेतलं. पट्टीवाल्या कंपनीला चार पानी पत्र धाडलं. फसवणुकीचं प्रमाण, उपाय, शिफारशी. पेंट शॉपच्या त्या हळदीकुंकवाला सारिकाला आपण स्वतः गाडीवरून सोडून आलो होतो, हे मात्र त्यांना आठवलं नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "कशी आहेस?"

"छान आहे," सारिका म्हणाली. खालच्या आवाजात, सावकाश.

फोनवर एक्याण्णव. हणमंतरावांना बरं वाटलं. जगात फसवाफसवी चाललीय, निदान आपलं घर तरी खरं आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी विषय क्रमांक चार होता सभासदांच्या अडचणी.

"माझी काही अडचण नाही," सारिका म्हणाली.

"आई, तुला एवढा घाम का आलाय?" रेवाने विचारलं.

"उकडतंय."

"मला नाही उकडत. बाबा, बघा ना हिच्याकडे."

हणमंतराव बघतच होते. फोनकडे. त्यांनी तो उलटा करून रेवाला दाखवला. "एक्याण्णव. तुझं मत वेगळं असू शकतं, पण आकडा आकडा असतो."

"छान आहे सगळं," सारिका परत म्हणाली, आणि समोरच्या मटारच्या ढिगावर हळूच डोकं टेकवलं. दाणे टेबलावरून टपटप खाली पडायला लागले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर निंबाळकर नावाच्या बाई होत्या. बोलायला सडेतोड. त्यांनी दोन तासांनी बाहेर येऊन सांगितलं, "रक्तवाहिनी उघडलीय. पण हृदयाचा बराचसा भाग आधीच गेलाय. हे आजचं नाही. निदान तीन-चार महिने छातीत दुखत असणार, चढताना धाप लागत असणार. काही बोलल्या नाहीत?"

"नाही हो. उलट..." हणमंतरावांनी सवयीने फोन काढला आणि आलेख दाखवला.

डॉक्टरांनी ती चढती रेघ बघितली. "हे कशाचं आहे?"

"समाधानाचं."

"कोणाच्या?" डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी हणमंतरावांनी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून पट्टीवाल्या कंपनीला फोन लावला. कौस्तुभ नावाचा उत्साही मुलगा होता.

"नाडी मोजत होता ना तुम्ही? मग दुखतंय हे तुमच्या मशीनला कळलं कसं नाही?"

"कळतं ना, सर! तीच तर आमची खासियत आहे. असं बघा, ताप असला, कंबर दुखत असली, धाप लागली, तरी नाडी बदलते, घाम येतो. ते भावनेत मिसळलं तर आकडा चुकणार. कंबर दुखणारा माणूस उगाच नाराज दिसणार. म्हणून शरीराचा त्रास आम्ही आधी ओळखतो आणि वजा करतो. उरते ती शुद्ध भावना."

"म्हणजे तिला त्रास होतोय हे तुम्हाला माहीत होतं."

"मशीनला, सर. माहीत असल्याशिवाय वजा कसं करणार?"

"आणि वजा केलेलं कुठं जातं?"

"महिनाभर ठेवतो, मग पुसतो. सहसा कोणी मागत नाही. पाठवू का?"

फाइल आली. शेवटच्या तीस दिवसांची. तारखा, वेळा, आणि त्रासाचा जोर. हणमंतरावांना आकडे वाचायची सवय होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही. रोज सकाळी सहा दहा. सहा सतरा. सहा पंचवीस. तीन बादल्या. पहिली त्यांची, दुसरी तिची, तिसरी कपड्यांची. दोन बादल्यांच्या मधली सात-आठ मिनिटं ती जिन्यात बसत असणार. त्या वेळी ते स्वतः वरच्या खोलीत प्राणायाम करत असायचे. दीर्घ श्वास घ्यायचे, सोडायचे. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, अकरा ते बारा, सलग.

त्यांनी फाइल दोनदा वाचली. मग समोरच्या टपरीवर जाऊन चहा मागितला, तो आला तेव्हा आपण मागितलाय हे विसरून परत येऊन बसले.

सारिका घरी आली त्या दिवशी गीझर दुरुस्त झाला. मिस्त्रीला अकरा मिनिटं लागली. एक वायर सुटली होती.

"निम्मं हृदय चालतंय," डॉक्टरांनी सोडताना बजावलं होतं. "दुसरा झटका आला तर वेळ मिळणार नाही. छातीत जरा जरी काही वाटलं, दम लागला, तर त्याच मिनिटाला सांगायचं, आणि तुम्ही त्याच मिनिटाला आणायचं. छातीवर लावायची एक चकती देते, ती आपोआप कळवेल."

"नको," सारिका म्हणाली.

"अगं पण—"

"अंगाला आता काही चिकटवून घेणार नाही. मी सांगेन तोंडाने." हेही तिने इतक्या शांतपणे सांगितलं की डॉक्टरांना ती सुचवतेय की निक्षून सांगतेय ते कळेना. हणमंतरावांनी मान डोलावली. सगळ्या संसारात तिने मागितलेल्या गोष्टी त्यांनी मनातल्या मनात आठवून बघितल्या होत्या. गीझर धरून फार नव्हत्या.

मीटिंगा बंद झाल्या. तक्ता फाडला. हणमंतरावांनी बिनपगारी रजा टाकली आणि पाणी, भाजी, गाडी सगळं स्वतःकडे घेतलं. आता फक्त सारिकाने खरं सांगायचं बाकी होतं. तेवढंच तिला जमेना.

"दुखतंय का?"

"नाही. छान आहे."

"खरं सांग."

"खरंच सांगायचं असतं हो मला," ती त्याच सपाट आवाजात म्हणाली. "पण काही व्हायला लागलं की आधी दम पोटात जातो. मग तोंडातून छानच निघतं. काय करू?"

घाबरून हणमंतरावांनी तिला पंधरा दिवसांत पाच वेळा हॉस्पिटलात नेलं. एकदा ती जांभई देताना थांबली म्हणून. एकदा ती टीव्ही बघताना गप्प बसली म्हणून. एकदा तर ती शांत झोपलीय हे बघून त्यांना इतकी शंका आली की त्यांनी तिला उठवून रिक्षात घातलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "झोपली होती हो!" पाचव्या वेळी डॉक्टर निंबाळकरांनी हात जोडले. "फडतरे, या धावपळीनेच त्यांना काहीतरी होईल. घरी थांबा. काही लक्षण दिसलं तरच या."

"लक्षण म्हणजे नेमकं काय बघू?"

"बायको तुमची आहे. नेहमीपेक्षा वेगळी वागली, की या."

रेवाने त्यावर तोडगा काढला. "बाबा, आईची सवय मोडायला हवी. तिला चिडवा. एकदा का ती तोंड सोडून भांडली की पुढं दुखणं पण सांगेल."

हणमंतरावांना ते पटलं. पण भांडण कसं लावायचं हे त्यांच्या कोर्समध्ये नव्हतं. तिथे सगळी भांडणं मिटवायची शिकवली होती. तरी त्यांनी मनापासून सुरुवात केली. चहात मीठ टाकलं. सारिका एक घोट प्यायली आणि म्हणाली, "हरकत नाही, दुसरा करते." फलटणच्या तिच्या भावाला चिक्कू म्हटलं. "तो आहेच तसा." तिने पाच वर्षं वाढवलेला कढीपत्ता बुडापासून छाटला. ती कुंडीजवळ जाऊन उभी राहिली. हणमंतराव श्वास रोखून वाट बघत होते. तिने खोडावरून हात फिरवला. "फुटेल परत," म्हणाली.

त्या दिवशी हणमंतराव बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा ती दारात टॉवेल घेऊन उभी होती. "डोळ्यांत साबण गेला का हो?" तिने विचारलं. हे विचारताना ती हसत होती, की रडत होती, की ते रडले हे तिला कळलं होतं, त्यांना काहीच ओळखता आलं नाही. पंचवीस वर्षं माणसांचे स्वभाव वाचून पगार घेतला होता.

मग रोज दुपारी आंघोळ करून ते ओला टॉवेल मुद्दाम तिच्या गादीवर टाकायला लागले. शास्त्रात सातत्याला महत्त्व आहे. ती रोज न बोलता उचलायची आणि वाळत घालायची. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, बुधवारी, चारच्या सुमाराला, सारिका खोलीत आली, टॉवेल बघितला, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"किती वेळा... किती वेळा उचलायचा हा?" ती म्हणाली.

हणमंतराव ताडकन उठले. आवाज वरचा होता. चिरका, फाटका, अस्सल.

"माणूस आहे मी. टोकन नंबर... नाही तुमची. गीझर... अकरा मिनिटांचं काम. आणि मला सर्टिफिकेट देता? सर्टिफिकेट?"

"बोल! अजून बोल!" हणमंतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

"हसताय काय... मेल्यावर... मीटिंग घ्याल माझी. माझा कढीपत्ता... का तोडला? काय केलं होतं... त्याने तुमचं?"

तिचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळ ओलं होतं, शब्द तीन-तीन करून तुटत होते. एवढी संतापलेली तिला त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षातच काय ती पाहिली होती. त्यांना ती त्या वेळेसारखीच दिसली.

"जा इथून," ती म्हणाली. "पडू द्या मला जरा."

"पड, पड! काही त्रास नाही देत तुला." ते मागं मागं सरकत बाहेर पडले, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले आणि खाली येऊन कराडला फोन लावला. "रेवा, आई भांडली! कढीपत्त्यावरून! मला जा म्हणाली!"

तिकडून रेवा इतक्या जोरात ओरडली की तिच्या वर्गातल्या पोरींनी काय झालं म्हणून विचारलेलं इकडे ऐकू आलं. "मी येते संध्याकाळच्या गाडीने. बाबा, पेढे आणा!"

पोवई नाक्यावर नेहमीच्या दुकानात गर्दी होती. हणमंतराव रांगेत उभे राहिले. पुढच्या अनोळखी गृहस्थाने सहज विचारलं, "काय विशेष?" तेव्हा त्यांनी सांगितलं, "मिसेसची तब्येत सुधारली." त्या माणसाने अभिनंदन केलं. त्यांनी अर्धा किलो कंदी पेढे घेतले, आणि नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप घेतलं, आणि येताना सगळ्या वाटेत तिचं एकेक वाक्य परत परत म्हणून बघितलं, विसरू नये म्हणून.

पाऊण तासाने ते घरी आले. रोप कठड्यावर ठेवलं, वर जाऊन हाक मारली. सारिका टॉवेल न उचलता त्याच्यावरच कुशीला पडली होती.

डॉक्टर निंबाळकरांनी तपासून वेळ लिहिली. मग फॉर्मवरचा पुढचा रकाना भरायला हणमंतरावांसमोर बसल्या. आवाज आज सडेतोड नव्हता.

"शेवटी काही बोलल्या का?"

"हो. पुष्कळ बोलली."

"कशा आवाजात? नेहमीच्या?"

"नाही. एकदम वरच्या. तिच्या खऱ्या."

"बोलताना थांबत होत्या मध्ये मध्ये? घाम होता?"

हणमंतरावांनी विचार केला. सगळी वाक्यं त्यांना पाठ होती, ती कुठं कुठं तुटली तेही. "हो," ते म्हणाले.

"दम पुरत नव्हता हो त्यांना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून तो आवाज. फडतरे, मी सांगितलं होतं ना, वेगळ्या वागल्या की या. मग तेव्हाच का नाही आणलंत?"

हणमंतरावांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

"भांडली ती माझ्याशी," ते म्हणाले. "मला वाटलं, बरी झाली."